चार ते सहाचा चौकोन

रविवार, १२ ऑक्टोबर. जागा: माझ्या बहिणीची पडवी, पावस गावाच्या खालच्या अंगाला समुद्राकाठची आमची वाडी. हजर: मी, निर्मला, वय बावन्न, रत्नागिरीत एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क, माझी धाकटी बहीण शैला, तिची मुलगी मानसी, इयत्ता दहावी, जाळ्याच्या ढिगावर झोपलेलं मांजर. गैरहजर: शैलाचा नवरा, तो दाभोळला बोटीवर, आणि आई, ती आता फोटोत. चहा दोनदा झाला. विषय: मानसीचं गणित.

कुठेही गेले तरी मी अशी नोंद करते. वह्या आहेत. डावीकडे करायची कामं, उजवीकडे झाल्याची बरोबरची खूण, राहिलेलं काम दुसऱ्या दिवशीच्या पानावर. हसणारे हसतात, पण लग्नाकार्यात तांदूळ कमी पडले की याच वहीकडे येतात.

ऑक्टोबर आला की वाडीचा रंग बदलतो. कातळावरचं गवत पिवळं पडतं, शेतांच्या कुणग्यांतून कापलेल्या भाताचा गोडसर वास येतो, आणि चार महिने चहासारखा गढूळ असलेला समुद्र हळूहळू निवळून हिरवा होतो. दुपारी ऊन चटकतं. चारच्या सुमाराला वारा फिरतो आणि किनाऱ्यावरून रापणीची पहिली हाक येते. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून सगळ्यांनी मिळून ओढायचे. त्या हाकेबरोबर मला अजून कंपासपेटीचा वास येतो, शिसाचा आणि खोडरबराचा. आमच्या वेळी दहावीत राहिलेल्या मुलांची परीक्षा ऑक्टोबरात व्हायची. एका वर्षी ती आमच्या घरात झाली. म्हणजे बसली शैला. मी तिला बसवलं.

तर मानसीचं गणित. सहामाहीच्या पेपरात तिने तीन पानं कोरी सोडली होती.

“किती गणितं सोडवलीस?” मी विचारलं.

“मोजली नाय गो मावशी.”

“मोजायची नसतील तर पुढे करणार काय?”

“समुद्रावर जाईन. आई नाय जात?”

शैला हसली. मुलगी गणितात कोरी पानं ठेवते आणि ही हसते, याचा मला राग आला. ती उठून आत गेली आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यातून तिने चार घड्या घातलेला वहीचा कागद काढला. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली होती. ती तो उलगडायच्या आधीच मी ओळखला. माझाच कागद होता, माझ्या सतराव्या वर्षातला.

“बघ,” ती मानसीला म्हणाली, “मावशीने माझ्यासाठी काढली होती यादी. कोण करतं बहिणीसाठी एवढं?”

मानसीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “‘आकडे नकोत अशा माणसांसाठी समुद्रावरची कामं. एक, रापणीचा दोर ओढणे. अट: दोन हात असावेत. दोन, फाटलेलं जाळं शिवणे. तीन, होडीतलं पाणी उपसणे. चार, मासळी वाळत घालणे व कावळे हाकणे. पाच, खाडी ओलांडणाऱ्या तरीवर दोर धरून उभे राहणे. सहा, होडीवर भात शिजवणे. तांदूळ दुसऱ्याने मोजून द्यावेत.’ मावशी, तू टोमणे मारलेस की काय हे?”

“गंमत केली,” मी म्हणाले.

“‘सात, समुद्राकडे बघत बसणे. यात उमेदवार आजच पारंगत आहे.’”

“तेच तर खरं काम!” शैला म्हणाली. “मोठ्या दगडावर उभं राहून पाणी बघायचं, मासळीचा थवा कुठं हाय ते सांगायचं. ते आता मीच करतंय. ताईला तेव्हाच कळलं होतं.”

मला तेव्हा काहीही कळलं नव्हतं. ती यादी मी तिला चिडवायला लिहिली होती, आणि चिडवण्याच्याही मुळाशी होता मत्सर. मत्सर हा शब्द मी वहीत कधी लिहिलेला नाही. आज इथे लिहिते.

त्या वर्षी गणपती गेल्यावर रापण जोरात सुरू झाली. वाटे घालायचं काम वाडीतल्या गणूकाकांचं. मासळी वाळूवर ओतली की दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा एक वाटा पडतो, जाळ्याचा आणि होडीचा वेगळा. वाटे घालताना तराजू नसतो. घालणारा माणूस ओंजळीओंजळीने ढीग करत जातो आणि मग एकाचं काढून दुसऱ्यात टाकतो. शेवटी कोणीतरी एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. घालणारा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, “ह्यो कोणाचा?” पाठमोरा जे नाव घेईल त्याचा तो ढीग. त्यामुळे घालणाऱ्याला स्वतःसाठी मोठा ढीग करून ठेवता येत नाही. इतकी चोख पद्धत मला नंतर एकाही ऑफिसात दिसली नाही.

गणूकाकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्या दिवशी ते म्हणाले, “माजा आता हात चुकतो. ही मोठी हाय ना, गणितात पयली येणारी? घालू दे तिला.”

मी अकरावीत होते. आयुष्यात इतका मान मला कोणी दिला नव्हता. ओढणी कमरेला बांधून मी पुढे झाले. बावीस वाटे होते. मी सगळे बांगडे मोजले, मनात भागाकार केला आणि प्रत्येक ढिगात अकरा-अकरा बांगडे ठेवले. एकही चूक नाही. शेवटी माझ्या हातात सात बांगडे उरले. मी ते धरून उभी राहिले.

“ह्यांचं काय?” काकांनी विचारलं.

“बाकी आहे ती,” मी म्हणाले.

सगळा किनारा हसला. कोणीतरी म्हणालं, “बाकी देवळात ठेवून ये!” तेवढ्यात एक काकू ओरडल्या, “अगो, माज्या वाट्यात सगळी पिल्लं, नि तिच्यात बघ हातभर बांगडं!” तेव्हा कुठे मला दिसलं की अकरा लहान आणि अकरा मोठे हे सारखे नसतात. मासे मोजताना त्यांच्याकडे मी पाहिलंच नव्हतं.

शैला मागे दोर गुंडाळत होती. पंधरा-सोळा वर्षांची, मार्चच्या परीक्षेत गणितात राहिलेली, पाढे म्हणताना सातावर अडखळणारी. ती न विचारताच पुढे आली. माझ्या हातातले सात घेतले. वाकून ह्या ढिगातला एक तिकडे, तिकडचे दोन इकडे, एका ठिकाणी जाळ्यात उरलेले मूठभर बारीक पेडवे, एका ठिकाणी खेकडा. एकदाही थांबली नाही. काकांना तर नीट दिसतही नव्हतं. ते फक्त लोकांचा आवाज ऐकत होते, आणि लोक गप्प झाले होते. ती काकू वाकून आपला ढीग बघत राहिली, मग म्हणाली, “हां.”

काका म्हणाले, “हिचा हात हाय. उद्यापासून हीच.”

घरी येताना मी तिला विचारलं, “कसं केलंस?”

“काय केलं? जिथं कमी दिसलं तिथं टाकलं.”

“पण किती कमी ते कसं कळलं?”

“किती काय गो? कमी म्हणजे कमी.”

त्या संध्याकाळी मी यादी लिहिली. ती वाचून शैला मनापासून हसली आणि तिने कागद जपून ठेवला, तेव्हा मला आणखीच राग आला. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मी वेळापत्रक आखलं.

मानसीने कागद उलटला. निळ्या शाईचे चौकोन, पट्टीने आखलेल्या रेघा. सकाळी सहा ते साडेसात भूमिती. दुपार मोकळी. आणि चार ते सहा, सोमवारपासून रविवारपर्यंत सातही चौकोनांत एकच शब्द: गणित.

“रविवारी पण?” मानसी म्हणाली.

“म्हणून तर सुटले,” शैला म्हणाली. “नायतर आई मला मुंबईला आत्याकडे पाठवणार होती, भांडी घासायला. ताईने पाच आठवडे मला जागची हलू दिली नाय. पस्तीसच पडले, पण पडले.”

हे सगळं खरं आहे. आई खरंच पाठवणार होती, शैला खरंच सुटली. पण गणित सकाळी नऊलाही शिकवता आलं असतं. दुपारी दोनलाही. रापण चारला लागते आणि सहाला वाटे पडतात, हे मला ठाऊक होतं. घड्याळ बघूनच मी तो चौकोन भरला होता.

पहिल्याच आठवड्यात काका दारात आले. काठी टेकत, उन्हातून चालत. “शैलाला सोड गो जरा. वाट्यापुरती. घटकाभराचं तर काम.”

“काका, अभ्यास आहे तिचा.”

“मग परीक्षा झाल्यावर?”

“बघू.”

ते पुन्हा दोनदा आले. नंतर आले नाहीत. शैला खिडकीशी बसलेली असायची, पुढ्यात वही. किनाऱ्यावरून दोर ओढणाऱ्यांची आरोळी आली की तिची पेन्सिल थांबायची. “जड लागतंय जाळं,” ती म्हणायची. “तारली हाय आज.” मी म्हणायचे, “समीकरण सोडव.” संध्याकाळी आई पाटी घेऊन यायची आणि पाटीत तारली असायची. मी ती साफ करायला बसायचे, आणि खवल्यांबरोबर माझी बोटंही सोलून निघतील इतक्या जोराने सुरी चालवायचे.

परीक्षा झाली त्याच संध्याकाळी ती किनाऱ्यावर धावली. तोवर काकांचा पुतण्या वसंता वाटे घालायला लागला होता. “आता ह्यो घालतो गो,” काका म्हणाले. “एकाच्या हातात दिलं की लगेच काढून घेता येत नाय.” ती दोर ओढून परत आली, पाय धुतले, आणि मला म्हणाली, “पेपर बरा गेला ताई.” पुढे वसंता मुलाकडे मुंबईला राहायला गेला, तेव्हा तिला ते काम मिळालं. मध्ये चौदा वर्षं गेली. हा आकडा माझ्या वहीत आहे. तिने तो कधी मोजला नसावा.

त्या चौदा वर्षांत तिने माझ्या यादीतली बहुतेक कामं केली. जाळी शिवली, मासळी वाळवली, खाडीच्या तरीवर दोर धरला. मी नोकरीला लागले. ऑफिसचा जिना एकेचाळीस पायऱ्यांचा आहे. कुकरच्या तीन शिट्ट्या, रोजची सहा हजार पावलं, हजेरीपटावरची नावं. भाट्याला वाळूच्या पुळणीवर कधी फिरायला गेले तर मी लाटा मोजते. सातापर्यंत जाते आणि पुन्हा एकपासून सुरू करते. इतकी वर्षं समुद्राशेजारी राहून मी एकही लाट नुसती पाहिलेली नाही. आणि शैला! तिच्या घरातलं घड्याळ पावसाळ्यात बंद पडतं ते दिवाळीपर्यंत तसंच असतं, आणि तिचा भात कधी करपत नाही. एकदा मी तिने घातलेले दोन वाटे घरी आणून गुपचूप ताणकाट्याला लावून पाहिले. दोघांत एका लहान खेकड्याएवढा फरक निघाला. त्यानंतर दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही.

“नवी यादी कर ना मावशी,” मानसी म्हणाली. “आताची. नि टोमणे नकोत.”

मी वही उघडली. पण आताचा समुद्र माझ्या बाजूने फिरला आहे. होडीचा प्रमुख, तांडेल, व्हावं तर तिथे जीपीएस, खोली दाखवणारा पडदा, दोन्हींवर आकडेच आकडे. मोठ्या जहाजावर खलाशी व्हायचं तर प्रवेशालाच गणित. इंजिनाचं काम, बर्फाचं काम, सगळीकडे मोजणी. मी एकेक सांगत गेले आणि मानसी एकेकावर नाक मुरडत गेली. किनाऱ्यावरचा जीवरक्षक चालेल, पोहता येतं, ती म्हणाली. फायबरच्या होड्यांची डागडुजी चालेल. खाडीत दोरांवर कालवं वाढवतात तिथे?

“तिथं काय मोजतात?”

“दोर मोजत असतील.”

“आई मोजेल का?”

“आई बघील नि सांगील,” शैला म्हणाली. “जाळ्याचं काम घाल गो यादीत. यांत्रिक बोटीवाल्यांना जाळी शिवणारी माणसं मिळत नायत. नाटे बंदराहून सुद्धा बोलावतात मला.”

मी लिहिलं. तेवढ्यात हाक आली. चार वाजले होते. मी घड्याळ पाहिलं, त्या दोघी पाहण्याआधीच उठल्या होत्या.

मीही खाली उतरले. शैला मोठ्या दगडावर चढली, मानसी तिच्या शेजारी. मी वाळूत उभी राहून त्या बघत होत्या तिकडे बघत होते.

“मावशी, तिकडं, पाणी काळवंडलंय बघ.”

मला पाणी दिसत होतं, एका रंगाचं, सगळीकडे सारखं. होडी त्या बाजूला गेली, जाळं पडलं. मीही दोर धरला. काथ्याचे जाऊन आता नायलॉनचे दोर आले आहेत, पण तळहाताला तितकेच सोलतात. ओढताना मी पावलं मोजत होते. मागून कोणीतरी म्हणालं, “हेडक्लार्क बाई, सही करून ओढताय काय?” सगळे हसले, मीही हसले. जाळ्याचं पोट वाळूवर आलं, तेव्हा आत बांगडा तडफडत होता, चांदी आणि हिरवा.

वाटे शैलाने सुरू केले. अर्धे झाल्यावर ती बाजूला झाली आणि मानसीला म्हणाली, “कर पुरं.”

मानसी वाकली. तोच हात. ह्या ढिगातला एक तिकडे, तिकडचे दोन इकडे, थांबणं नाही, ओठांची हालचाल नाही. तीन पानं कोरी ठेवणारी पोर. मला तोच मत्सर वाटला, सतराव्या वर्षी वाटलेला, तेवढाच ताजा. बावन्नाव्या वर्षी, स्वतःच्या भाचीवर. मला वाटलं होतं, एवढ्या वर्षांत तो विझला असेल.

“ताई, पाठ फिरव,” शैला म्हणाली. “आज नावं तू घे.”

मी ढिगांकडे पाठ केली. समोर समुद्र होता. मागून मानसीचा आवाज यायचा, “ह्यो कोणाचा?” आणि मी एकेक नाव घ्यायचे. मी कोणाला काय देते आहे हे मला दिसत नव्हतं. अशा कामाची मला सवय नाही. शेवटी दोन ढीग राहिले, शैलाचा आणि माझा. “ह्यो कोणाचा?” “शैलाचा,” मी म्हणाले. वळून पाहिलं तर दोन्ही सारखे होते. अर्थात सारखे होते.

मी बसला निघाले तेव्हा शैलाने माझा वाटा केळीच्या पानात बांधून पिशवीत घातला. “यादी झाली,” ती म्हणाली. “आता वेळापत्रक तेवढं कर नि उद्या फोटो काढून पाठव. फेब्रुवारीपर्यंतचं. माझ्यासारखंच कर, पट्टीने आखून. भिंतीवर लावते.”

“मावशी, चार ते सहा सोड हां,” मानसी म्हणाली.

“मावशी ठरवील ते,” शैला म्हणाली. “मावशीला कळतं कधी काय करायचं.”

आज सोमवार, सकाळचे सव्वासात. बांगडे साफ करून झाले, मीठ-हळद लावून झाली. मानसीची नवी यादी सुवाच्य अक्षरात उतरवून झाली, खूण केली. वेळापत्रकही आखलं. भूमिती पहाटे, बीजगणित शाळेतून आल्यावर तीन ते चार, उजळणी रात्री जेवणाआधी. गणिताला लागतात तेवढे सगळे तास बसले. चार ते सहाची गरजच उरली नाही. ते मला आखायला बसतानाच ठाऊक होतं.

तरी पेन दोनदा त्या चौकोनावर गेलं. ‘गणित’ लिहिणं सोपं आहे; शैला ते भिंतीवर लावील आणि मानसी पाच महिने खिडकीशी बसेल. ‘रापण’ लिहिलं तर शैला विचारील, “मग माझ्या वेळी का नाय गो?” आणि तिला उत्तर द्यावं लागेल.

साडेसात. ऑफिसची बस आठला. फोनवर शैलाचा निरोप आला आहे: झालं काय? चार ते सहाचे सातही चौकोन कोरे आहेत.